माथेरानची चांदणी

माथेरानावर आजपर्यंत पुष्कळांनीं लिहिलें आहे, आणि यापुढेंही पुष्कळ लिहितील. तेथील सूर्यास्त, शार्लट तलावाचें शांत पाणी, पॅनोरमा पॉइंटावरून दिसणारा नेरळकडील मुलूख, या सर्वांचीं वर्णनें वाचकांस जवळजवळ मुखोद्गत झालीं असतील. तेव्हां त्यांत आणखी एका निवृत्त शिक्षकानें भर घालावी याचें प्रयोजन काय, असें कोणी विचारल्यास त्यांत वावगें नाहीं. आम्हांला जें सांगावयाचें आहे तें तेथील शिखरांविषयीं नसून त्या शिखरांवर माणसें पोंचविणाऱ्या एका मुक्या जिवाविषयीं आहे.

तरीपण स्थळाचा थोडा परिचय दिल्यावांचून पुढील हकीकत कळावयाची नाहीं. माथेरान हें रायगड जिल्ह्यांतील कर्जत तालुक्यांत, समुद्रसपाटीपासून सुमारें 800 मीटर उंचीवर वसलेलें आहे. ठाण्याचे त्या वेळचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनीं 1850 सालीं हा डोंगर पाहिला व तेव्हांपासून मुंबईकरांच्या हवापालटाचें हें ठिकाण झालें. नेरळहून वर जाणारी दोन फूट रुंदीच्या रुळांची छोटी आगगाडी 1907 सालीं सुरू झाली. परंतु माथेरानचें खरें वैशिष्ट्य रुळांत नाहीं. तें तेथील रस्त्यांत आहे. जांभ्याच्या तांबड्या मातीच्या त्या वाटांवर प्रवाशांच्या मोटारींस मज्जाव आहे. 2003 सालीं केंद्र सरकारनें हा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनक्षम म्हणून जाहीर केला. नेरळहून येणारी मोटार दस्तुरी नाक्यापाशीं थांबते. तेथून बाजारपेठेपर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर माणसानें आपल्या पायांनीं जावें, छोट्या गाडींत जागा मिळाल्यास तींतून जावें, नाहींतर घोड्यावर बसावें. डिसेंबर 2022 पासून प्रयोग म्हणून विजेवर चालणाऱ्या कांहीं रिक्षाही सुरू झाल्या आहेत. माणसानें माणसाला ओढून नेण्याची जी हातरिक्षा तेथें होती, ती सहा महिन्यांत बंद करावी असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें ऑगस्ट 2025 मध्यें दिला. माणसाच्या खांद्यावरील जूं उतरविण्याचा विचार झाला हें योग्यच झालें. घोड्याच्या पाठीचा विचार मात्र ज्यानें त्यानें आपल्या मनाशींच करावयाचा आहे.

2024 सालच्या कार्तिकांत, तुळशीचें लग्न आटोपून, आम्ही सहकुटुंब माथेरानास गेलों. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आपलें तेथील घर तीन आठवडे वापरावयास दिलें होतें. दस्तुरी नाक्यावर उतरलों तेव्हां छोट्या गाडीचीं तिकिटें संपलीं होतीं. मुलें आणि सूनबाई पायीं निघालीं. आमच्या गुडघ्यांनीं मात्र गेल्या चार वर्षांपासून आमच्याशीं असहकार पुकारलेला असल्यामुळें आमच्यासाठीं घोडा ठरविण्यांत आला. घोडी कुमाईत रंगाची होती व तिच्या कपाळावर पांढरा ठिपका होता. त्यावरून तिचें नांव चांदणी. पाठीवर खोगीर, त्यावर जाड घोंगडी, अशा थाटांत ती उभी असल्यामुळें तिची प्रकृति कशी आहे हें आम्हांस दिसलें नाहीं. किंवा खरें सांगावयाचें तर, आम्हीं पाहिलेंच नाहीं.

निम्मा रस्ता संपण्याच्या आंतच चांदणी दोनदां अडखळली. दुसऱ्या वेळीं तिचे पुढचे गुडघे मातीला टेकले. आम्ही कसेबसे खालीं उतरलों. घोडेवाल्यानें पट्टा आवळण्यासाठीं घोंगडी सरकविली, आणि त्याखालीं जें दिसलें तें पाहून आम्हांस आमचीच लाज वाटली. पाठीचा कणा एखाद्या पडक्या घराच्या आढ्यासारखा वर आलेला. बरगड्या दुरूनही मोजतां याव्यात अशा. शेपटीच्या दोन्ही बाजूंस खळगे. आणि खोगीर घासून कण्याच्या टोकावर रुपयाएवढी कच्ची जखम. आमचें वजन 58 किलो, बरोबरची पिशवी 6 किलो, खोगीर 9 किलो. एकूण 73 किलोंचें ओझें आम्हीं त्या हाडांवर ठेवलें होतें. जन्मभर मुलांना भूतदयेचे पाठ दिले. आणि परीक्षेची वेळ आली तेव्हां आपण खालीं न पाहतां वर बसलों! उरलेली वाट आम्ही चांदणीच्या बाजूनें लंगडत चालत गेलों.

घोडेवाला पन्नाशीच्या पुढचा, मितभाषी गृहस्थ होता. आम्हीं त्याला “मामा” म्हणावयास आरंभ केला, तो पुढें कायम राहिला. वाटेंत आम्हीं जरा रागानेंच विचारलें, “मामा, या जनावराला पोटभर घालीत नाहीं काय?” त्यानें लगाम थांबविला नाहीं. तो एवढेंच म्हणाला, “गुरुजी, घालायला कमी नाय करत. पण तिच्या अंगीं लागत नाय, त्याला मी काय करूं?”

हें उत्तर त्या वेळीं आम्हांस पळवाटेसारखें वाटलें. पुढें कळून आलें कीं तें अक्षरशः खरें होतें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही मामांच्या घरीं गेलों. डोंगराच्या उतारावर पत्र्याचें छप्पर, एका बाजूला दोन खोल्या, दुसऱ्या बाजूला तीन घोड्यांचा तबेला. दोन घोडे बऱ्यापैकीं होते; चांदणी तेवढी वाळलेली. पावसाळ्यांत माथेरानचा धंदा बसतो. त्या चार महिन्यांत मामांनीं जनावरें खालीं नेऊन भाताच्या पेंढ्यावर कशींबशीं जगविलीं होतीं. डोंगरावर येणारी चाऱ्याची प्रत्येक पेंढी खालून आणावी लागते व तिचा भाव चढतच जातो. चांदणीच्या पुढें दिवसाला तीनेक किलो पेंढा व दोन वेळां तोबराभर गव्हाचा कोंडा पडत असे. मामांचा विचार तिला विकून टाकण्याचा होता. चौदा वर्षांची अशक्त घोडी कोण घेतो व कशासाठीं घेतो, हें त्यांस ठाऊक होतें व आम्हांसही. त्यावर कोणी कांहीं बोललें नाहीं.

आमच्यासारख्या पोथीपंडितास अशा वेळीं ग्रंथ आठवतात. आमच्या पूर्वजांनीं अश्वविद्येस थोडेथोडकें महत्त्व दिलेलें नाहीं. शालिहोत्र मुनींच्या नांवावरून घोड्याच्या वैद्यकासच शालिहोत्र म्हणूं लागले. विराटाच्या घरीं नकुलानें ग्रंथिक हें नांव धारण करून घोड्यांची निगा राखली, व अश्वचिकित्सेवरील एक ग्रंथही त्याच्याच नांवावर सांगितला जातो. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत अश्वाध्यक्षाचें स्वतंत्र प्रकरण घातलें असून त्यांत घोड्याच्या रोजच्या शिध्याचा हिशेब दिला आहे. भिजविलेलें किंवा शिजविलेलें धान्य, मूग-उडदांचा लगदा, स्नेह, मीठ, दहीं, हिरवा चारा असे सर्व पदार्थ मापानिशीं त्यांत आहेत, आणि उत्तम, मध्यम व कनिष्ठ घोड्यांस तीं मापें कमी होत जातात. परंतु आम्हांस सर्वांत अधिक आठवला तो नळ. बाहुकरूपानें तो ऋतुपर्णाच्या पागेंतून घोडे निवडतो ते दिसावयास कृश असतात, आणि राजा शंका घेतो. वर्गांत हा प्रसंग शिकवितांना आम्ही नेहमीं सांगत असूं, कीं कृश निराळा व दुर्बल निराळा. नळाचे घोडे कृश होते, पण त्यांच्या अंगीं बळ होतें. चांदणी दुर्बल होती. हा भेद शब्दांत सांगणें सोपें. हातानें कसा ओळखावा, तें आम्हांस पशुवैद्यांनीं शिकविलें.

हे डॉक्टर महिन्यांतून एकदां खालून वर येत. त्यांची भेट चौथ्या दिवशीं झाली. त्यांनीं घोडीकडे नुसतें पाहिलें नाहीं. बोटें सपाट ठेवून मान, मानेच्या मुळाचा उंचवटा, खांद्यामागचा भाग, बरगड्या, कंबर व शेपटीचें मूळ, अशीं सहा ठिकाणें चाचपलीं. 1983 सालीं हेन्नेक नांवाच्या अमेरिकन संशोधकानें यासाठीं 1 पासून 9 पर्यंत गुणांची पद्धत प्रसिद्ध केली. एक म्हणजे केवळ सांगाडा, नऊ म्हणजे अतिस्थूल, व पांचाच्या आसपास योग्य. योग्य प्रकृतीच्या घोड्याच्या बरगड्या डोळ्यांना दिसत नाहींत, पण बोटांना लागतात. हिंवाळ्यांत केंस वाढले म्हणजे डोळा फसतो. म्हणून हातच विश्वासाचा. चांदणीस अडीच गुण मिळाले. परीक्षेंत एवढे कमी गुण मिळालेल्या विद्यार्थ्याकडे पाहावें तसे आम्ही तिच्याकडे पाहिलें.

नंतर वजनाचा प्रश्न निघाला. तेथें एवढा मोठा कांटा कोठून असणार? डॉक्टरांनीं आमच्या सूनबाईंची शिवणाची फीत मागितली. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर घ्यावा. खांद्याच्या टोंकापासून ढुंगणाच्या टोंकापर्यंत लांबी घ्यावी. घेराचा वर्ग करून त्यास लांबीनें गुणावें व 11,880 नें भागावें. मापें सेंटिमीटरांत असल्यास उत्तर किलोंमध्यें येतें. घेर 140 भरला, लांबी 130. आमच्या आठवींतल्या नातवानें जागच्या जागीं उदाहरण सोडविलें: वजन सुमारें 214 किलो. मग आम्हीं त्यास दुसरें उदाहरण घातलें. घोड्यानें स्वार व खोगीर मिळून आपल्या वजनाच्या पंचमांशाहून अधिक भार वाहूं नये असा सामान्य आडाखा आहे. तर चांदणीनें किती वाहावा? “43 किलो, आजोबा,” तो म्हणाला. आणि आमच्याकडे पाहून एकदम गप्प झाला. त्यास आमचें वजन माहीत होतें. ओझें वाहणाऱ्या जनावरांविषयीं केंद्र सरकारनें 1965 सालीं केलेल्या नियमांत तट्टाच्या ओझ्याची मर्यादा 70 किलो सांगितली आहे. आम्हीं तीही ओलांडली होती.

आतां अंगीं कां लागत नाहीं, याचा शोध. तबेल्याच्या दारांत मामांची कुटुंबीण उभी होती. ती इतका वेळ बोलली नव्हती. डॉक्टर विचारीत आहेत असें पाहून ती हळूच म्हणाली, “दोन महिने झाले, ती घास चावती आन गोळा करून खालीं टाकती. मी सकाळी झाडतांना बघते. हे म्हणतात, नखरे करती.” डॉक्टरांनीं एकदम मान वर केली. “मावशी, अर्धें निदान तुम्हींच केलें,” असें म्हणून त्यांनीं विजेरी काढली व चांदणीचें तोंड उघडून आंत पाहिलें.

घोड्याच्या दाढा जन्मभर हळूहळू वर येत राहतात व चाऱ्याशीं घासून झिजत राहतात. वरचा जबडा खालच्यापेक्षां रुंद असल्यामुळें ही झीज सारखी होत नाहीं. वरच्या दाढांच्या बाहेरच्या व खालच्या दाढांच्या आंतल्या कडांस सुरीसारखी धार येते. चांदणीच्या गालांस आंतून व जिभेच्या कडेस जखमा झाल्या होत्या. प्रत्येक घासागणिक तिला वेदना होत. म्हणून ती अर्धवट चावलेल्या गवताचा बोळा टाकून देई. जें पोटांत जाई तें नीट दळलेलें नसल्यानें तसेंच बाहेर पडे. मामा खोटें बोलत नव्हते. ते घालीत होते, पण तिला खातां येत नव्हतें. आम्हीं रागानें विचारलेल्या प्रश्नाचा आम्हांस फार पश्चात्ताप झाला. दुसऱ्या दिवशीं गुंगीचें औषध देऊन लांब दांड्याच्या कानशीनें त्या कडा घासण्यांत आल्या.

डॉक्टरांनीं एवढ्यावर समाधान मानलें नाहीं. लीद व रक्त यांचे नमुने त्यांनीं खालीं पाठविले. आपल्याकडे घोडा खात असूनही खंगत असेल व मधूनमधून ताप येत असेल तर ‘सर्रा’ या रोगाची शंका घ्यावी लागते. चावणाऱ्या माश्यांमार्फत पसरणाऱ्या या रोगाचा सूक्ष्म जंतु ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यानें 1880 सालीं पंजाबांत डेरा इस्माइल खान येथें घोड्यांच्या व उंटांच्या रक्तांत शोधून काढला. सुदैवानें चांदणीच्या रक्तांत तो सांपडला नाहीं. लिदेंत मात्र जंतांचीं अंडीं पुष्कळ निघालीं. जंतांचें औषध वजनाच्या मापानें द्यावें लागतें. अंदाजानें कमी दिलें तर जंत मरत नाहींत, उलट ते औषधास निर्ढावतात. तबेल्यांतील लीद रोज उचलून दूर टाकणें हेंही औषधाइतकेंच महत्त्वाचें, असें त्यांनीं बजावलें.

आतां आहार. आमची भोळी समजूत अशी कीं, अशक्त जिवास भरपूर चंदी चारावी. दोन-तीन किलो हरभरे रोज पुढें ठेवले कीं झालें. डॉक्टर म्हणाले, “गुरुजी, असें कराल तर घोडी आठ दिवसांत गमवाल.” आणि त्यांनीं जें समजावून दिलें तें आम्हीं वहींत टिपून घेतलें.

घोड्याचें शरीर मोठें, पण जठर लहान; सामान्य घोड्याच्या जठरांत आठ ते पंधरा लिटरच मावतात. त्यास पित्ताशय नाहीं, व त्यास ओकतां येत नाहीं. त्याच्या जठरांत आम्ल सारखें पाझरत असतें, मग पोटांत अन्न असो वा नसो. मोकळा घोडा दिवसाचे सोळा-सोळा तास थोडथोडें चरतो तें याचसाठीं. म्हणून त्यास थोडें आणि वारंवार द्यावें. रिकाम्या पोटीं कामास जुंपूं नये. निघण्यापूर्वीं चार मुठी गवत तरी पोटांत असावें. गवताचें खरें पचन पुढें मोठ्या आंतड्यांत असंख्य सूक्ष्म जंतूंच्या साहाय्यानें होतें. तेथें एकदम धान्याचा लोंढा गेला तर ते जंतु बिघडतात. मग पोटशूळ उठतो, किंवा खुरांच्या आंत दाह होऊन जनावर कायमचें लंगडें होतें. फार दिवस उपाशी राहिलेल्या घोड्यास तर धान्याची घाई प्राणघातक ठरते. चाऱ्यांत कोणताही फरक करणें तो आठ-दहा दिवसांत, हळूहळू करावा.

चांदणीसाठीं जो क्रम ठरला तो असा. पाया चाऱ्याचा, वजनाच्या शेकडा दोन ते अडीच, म्हणजे रोज सुमारें 5 किलो कोरडें गवत, पांच वेळां विभागून. त्यांत दीड किलो वाळलेला लसूणघास, कारण पेंढ्यांत सत्त्व कमी. लसूणघासांत प्रथिनें व चुना भरपूर. तोंडांतील जखमा भरेपर्यंत तो बारीक चिरून व भिजवून द्यावयाचा. बुरशीची एक काडीही पुढें जाऊं द्यावयाची नाहीं. कोंडा जवळजवळ बंद. नुसत्या कोंड्यावर ठेवलेल्या घोड्याचीं हाडें चुन्याअभावीं ठिसूळ होतात व तोंडाचीं हाडें सुजतात, ही गोष्ट आम्हांस सर्वस्वीं नवी होती. दहा दिवसांनंतर भिजविलेले व भरडलेले हरभरे, प्रथम पाव किलो. महिन्याभरांत वाढवीत एक किलोपर्यंत, पण एका वेळीं अर्ध्या किलोहून अधिक नाहींत. त्यावर गोडें तेल, दोन चमच्यांपासून आरंभ करून तीन आठवड्यांत दीडशें मिलिलिटरपर्यंत. कारण तेलांत धान्याच्या दुपटीहून अधिक उष्मांक असून पोटास धान्याइतकें भय नाहीं. गव्हाणींत सैंधवाचा खडा चाटावयास, व स्वच्छ पाणी अष्टौप्रहर. कौटिल्याच्या यादींतील भिजविलेलें धान्य, कडधान्य, स्नेह, लवण व हिरवा चारा हीं सर्व या यादींत भेटलीं हें पाहून आम्हांस किती समाधान झालें, तें काय सांगावें! दहीं मात्र डॉक्टरांनीं आमच्याच ताटांत ठेवलें.

आणि सर्वांत महत्त्वाचें औषध म्हणजे विश्रांति. पाठीवरची जखम भरेपर्यंत खोगीर नाहीं; नंतर तीन आठवडे नुसतें मोकळें चालविणें; मग हलका भार. येथें गाडें अडलें. मामा म्हणाले, “गुरुजी, तीन जनावरांतलं एक बसलं तर बाकीच्या दोघांचा चारा कुठनं आणूं?” आम्हीं खिशांत हात घातला. मामांचा चेहरा बदलला. “तसं नको. मी भीक मागितलेली नाय.”

आम्ही वरमलों. चूक आमची होती. दान देणाऱ्याच्या हातांत जो अहंकार असतो तो घेणाऱ्याच्या डोळ्यांना आधीं दिसतो. रात्रभर विचार करून सकाळीं आम्हीं निराळी गोष्ट मांडली. “मामा, आम्हांला रोज सकाळीं व संध्याकाळीं फिरावयास जावयाचें आहे. घोडी आम्हीं ठरविली. ठरल्या दरानें भाडें घ्या. आम्ही बसत नाहीं, बरोबर चालतों. डॉक्टरांनीं आम्हांलाही चालावयास सांगितलें आहे. परत गेल्यावर पुढल्या खेपेचें भाडें आगाऊ पाठवूं.” मामांनीं बराच वेळ आमच्याकडे पाहिलें. मग ते हंसून म्हणाले, “म्हणजे घोडी भाड्याची, आन पाय तुमचे!” सौदा ठरला.

अशा रीतीनें कण्याची जखम सुकल्यावर चांदणी व आम्ही, दोन्ही अशक्त गुडघ्यांचे जीव, तांबड्या वाटेवरून जांभळीच्या सावलींतून हळूहळू चालूं लागलों. नातवंडांनीं तिला बिस्किटें व साखर चारण्याचा हट्ट धरला. तो मोडून काढावा लागला. माथेरानास येणारे पुष्कळ लोक कौतुकानें घोड्यांपुढें पाव, बिस्किटें व उरलेलें अन्न टाकतात. तें त्यांच्या पोटाचें अन्न नव्हे. द्यावयाचेंच असेल तर मालकास विचारून मूठभर गवत द्यावें. हें आम्हीं नातवंडांस जितक्या वेळां सांगितलें तितक्या वेळां मनांत म्हणालों, कीं खरा धडा बसण्यापूर्वीं घोंगडी उचलून पाहण्याचा आहे, आणि तो आजोबांनीं आधीं शिकावयास हवा होता.

तीन आठवडे संपले. पुण्यास परत आल्यावर दर पंधरवड्यास मामांचा मुलगा फितीनें मापें घेऊन तीं मोबाइलवर आमच्या नातवास कळवी, व नातू तें उदाहरण सोडवून दाराआड टांगलेल्या कागदावर लिही. घरांत जेवतांना चांदणीचा विषय निघूं लागला. जानेवारीच्या आरंभीं घेर 143 झाला, वजन 224. मध्यें एकदां आंकडा दोन पंधरवडे हललाच नाहीं, तेव्हां आमच्या घरांतून विचारणा झाली, “तेल बंद तर केलें नाहीं ना?” तेल खरोखरच आठ दिवस बंद पडलें होतें, भाव वाढला होता व मामांनीं संकोचानें कळविलें नव्हतें. तें पुन्हा सुरू झालें.

2025 सालीं रामनवमी आटोपून आम्ही पुन्हा माथेरानास गेलों. दस्तुरी नाक्यावर घोड्यांच्या रांगेंत कुमाईत रंगाच्या तीन-चार घोड्या उभ्या होत्या. आम्हांस चांदणी ओळखूंच आली नाहीं. तिनेंच मान वळवून आमच्या सदऱ्याचा वास घेतला. कातडीवर तकाकी आली होती. कण्याच्या दोन्ही बाजूंस मांस भरलें होतें. बरगड्या दिसत नव्हत्या, पण बोटें टेकवितांच लागत होत्या. फीत काढली. घेर 148. नातवानें कागद न घेतां सांगितलें, “जवळजवळ 240, आजोबा!” डॉक्टरांनीं तिला साडेचार गुण दिले. अजून पांच नाहींत. पण चौदा वर्षांच्या, पावसाळा पार केलेल्या घोडीस तेवढे पुष्कळ झाले. दाढा सहा महिन्यांनीं पुन्हा पाहावयाच्या, लीद तपासावयाची, दर सहा-आठ आठवड्यांनीं नालबंदास बोलवावयाचें, आणि पुढल्या पावसाळ्यासाठीं चैत्रांतच वाळलें गवत साठवावयाचें, असें ठरलें. मामांनीं तबेल्यांत जमिनीपासून वीतभर उंच फळ्या ठोकून गवतासाठीं माळा आधींच केला होता. चांदणीच्या पाठीवर आतां लहान मुलेंच बसतात; मोठ्यांसाठीं दुसरे दोन घोडे आहेत. विकण्याची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाहीं.

आमची धाकटी नात पंचवीस किलोंची आहे. मामांनीं खोगीर काढून, घोंगडी उचलून, तिला चांदणीची पाठ दाखविली. मग पुन्हा खोगीर चढवून तिला वर बसविलें. मामा एका बाजूनें, आम्ही दुसऱ्या बाजूनें, असे बाजारपेठेपर्यंत गेलों. चांदणी एकदांही अडखळली नाहीं. गुडघे दुखले ते आमचे. मावशी घराच्या दारांत उभी होती, तिनें विचारलें, “गुरुजी, आतां तरी बसा कीं तिच्यावर!” आम्हीं हात जोडले व म्हटलें, “मावशी, आमचें वजन दोन किलोंनीं वाढलें आहे. आधीं आमची चंदी कमी करूं.”

वाचकहो, माथेरानास जाल तेव्हां सूर्यास्त अवश्य पाहा, तलावही पाहा. पण घोड्यावर बसण्यापूर्वीं घोंगडी थोडी वर करून पाहा, आणि मालकास रागावण्यापूर्वीं त्याच्या घरांत जो कोणी सकाळीं तबेला झाडतो, त्यास दोन प्रश्न विचारा.